प्लेटिंग सुरू करण्याआधी पाण्याचं बघ

बेळगावच्या उद्यमबागेत क्रोम प्लेटिंग सुरू करतोयस, तर आधी पाण्याचं बघ मर्दा. 1974 च्या जल कायद्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागतेच. आम्ही तो नुसता खर्च धरला, मागं शुद्धीकरणाची टाकी बांधली नि गप्प बसलो. चुकलंच. सांडपाण्यात किती क्रोमियम चालेल ते नियम सांगतो. ते कमी कसं करायचं, हे डोकं आपलं.

धुण्याच्या तीन टाक्या ओळीत लाव. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोड, ते उलटं पहिलीकडं येऊ दे. पाणी कितीतरी कमी लागतं. जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, बाथमधून (क्रोमच्या द्रावणातून) काढला की लगेच धुण्याच्या टाकीत बुडवू नको, वरच निथळू दे. ते तांबूस थेंब म्हणजे तुझेच पैसे. शोभेच्या कामाला त्रिसंयुजी क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कमी विषारी प्रकार, चालेल का, गिऱ्हाइकाला विचार. हायड्रॉलिक रॉडच्या हार्ड क्रोमला, म्हणजे झिजेला टिकणाऱ्या जाड थराला, ते इतकं सोपं नाही.