नाट्यगृहाच्या पैशात आमच्या मुलीचं काय?

पत्र थोडक्यात असं: "शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती, आता कॉलेजच्या एकांकिकेचे लाइट्स करते. जेईईच्या क्लासला दांडी मारून तालमीला जाते आणि म्हणते, मला हेच करायचंय. इकडे केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तर लगेच कोटींची भाषा सुरू झाली. आमच्या गावच्या शाळेत तीन वर्षं चित्रकलेचे सर नाहीत. तो पैसा शाळांना दिला असता तर चाललं नसतं का? आणि खरं सांगा, या लायनीत पोट भरतं का?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागावून लिहिलंय, पण मुद्द्याचं लिहिलंय. प्रश्न दोन दिसत असले तरी पहिल्याचं उत्तर नीट लागलं की दुसऱ्याचं निम्मं आपोआप हाती येतं, म्हणून पैशापासून सुरुवात करतो.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या नाट्यगृहाच्या मागच्या दारात मी दीड-दोन तास उभा होतो. रात्री साडेनऊचा प्रयोग. सेटचा टेम्पो दुपारीच लागला होता. फ्लॅट, म्हणजे सेटच्या चौकटीवरच्या भिंती, उतरवायला गावातली चार पोरं. उतरवताना एका फ्लॅटच्या चौकटीचा टाका सुटला. नाटकाच्या मॅनेजरनं दारातल्या चहावाल्याला विचारलं, चहावाल्यानं फोन लावला, आणि दहा मिनिटांत एक वेल्डर स्कूटरवरून हजर. काम वीस मिनिटांचं. त्यानं पाचशे रुपये घेतले, वर बायकोसाठी नि स्वतःसाठी दोन पास मागून घेतले. एक इंची चौकोनी पाइप, चार कोपरे. तुमच्या वर्कशॉपात रोज होतं तेच.

नाटकाचा पैसा म्हटला की आपल्याला फक्त नट-नट्या दिसतात. त्यांची 'नाइट', म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती, याचीच चर्चा. त्या रात्री मी मोजत गेलो तर लाइटवाला, साउंडवाला, कपडेपट सांभाळणारा, इस्त्रीवाला, टेम्पोचा ड्रायव्हर, लॉजवाला, फ्लेक्सवाला, वडापावची गाडी, पार्किंगचा पोऱ्या, असे स्टेजवर पाऊलही न ठेवणारे जास्त निघाले. आणि यातले बरेचसे त्याच गावचे. प्रयोगावर खर्च झालेला पैसा फार लांब जात नाही, चार गल्ल्यांत फिरतो. तुमच्या पोटावर पाय देणारा हा पैसा नाही, झालाच तर तुमच्या गिऱ्हाइकाचा आहे.

कोल्हापूरकराला हे मी सांगावं म्हणजे कमालच. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधलं, तेच हे नाट्यगृह. शेजारी खासबागचं कुस्ती मैदान. नाटकही आणि कुस्तीही, दोन्ही सरकारी तिजोरीतून. त्या वेळी नाटक कंपन्यांना रंगवलेले पडदे लागायचे: राजवाडा, जंगल, रस्ता. ते रंगवण्यात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडदे रंगवता रंगवता या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी मात्र १९१८ च्या सुमारास इथेच, कोल्हापुरात, स्वतःचा कॅमेरा बनवून दाखवला. म्हणजे बघा, सुतारकी, लोहारकी आणि चित्रकला एकाच घरात. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल घातलं म्हणून. त्या कंपनीत शिकून तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत १ जून १९२९ रोजी 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि तिच्या स्टुडिओच्या आवारात आज एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, आहे. तुमची लेक उद्या तिथे छायाचित्रणाचा अर्ज भरेल तेव्हा तिला सांगा, या संस्थेचा पाया कोल्हापुरातल्या रंगवलेल्या पडद्यापर्यंत जातो.

महाराजांनी सिनेमासाठी एक पैसा दिला असं मी म्हणत नाही. दरबारानं जागा दिली, गवयांना आणि मंडळींना आश्रय दिला, म्हणून गावात कारागीर टिकले. टिकलेले कारागीर पुढे काय करतील, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. हिशेबाच्या वहीत ही रक्कम कधीच बसत नाही, म्हणून तिच्यावर कात्री पहिली चालते.

आता तुमच्या बाजूचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. वाईट वाटलं. पण नुसती इमारत उभी करणं म्हणजे कलेला मदत, हेही मला पटत नाही. मी अशी नाट्यगृहं पाहिली आहेत जिथे भाडं इतकं की हौशी संस्था दारातूनच परत फिरते, आणि महिन्यातले वीस दिवस कुलूप. कुलूप लावलेल्या नाट्यगृहापाशी चहावालाही गाडी लावत नाही. इमारतीचा निधी एकदा येतो आणि फोटोसकट येतो. तंत्रज्ञांचे पगार, दुरुस्ती, सवलतीचं भाडं यांना दरवर्षी पैसे लागतात, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

उलट उदाहरण हवं तर गडचिरोलीकडे बघा. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गावाचं मंडळ कंपनीला प्रयोग ठरवून देतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं, नाटक रात्रभर चालतं. पाहुणे येतात, घरोघरी जेवणावळी, दुकानं लागतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच मातीतल्या कामासाठी. तिथे सरकारी नाट्यगृहाशिवाय धंदा उभा आहे, कारण वर्गणी आणि तिकीट गावाचं आहे. म्हणून 'सरकारनं दिलं तरच कला जगते' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

शाळेचं म्हणाल तर तो पैसा आणि हा पैसा वेगवेगळ्या खिशातला. नाट्यगृहाचा निधी परत गेला म्हणून तुमच्या शाळेत सर येणार नव्हते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असलेल्या शाळेला कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मिळायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे लेखी मागा, ठराव घालून. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तरी हा विषय कुणी काढत नाही. दुसरं, नाट्यगृह सुरू होईल तेव्हा शाळांच्या स्नेहसंमेलनाला आणि बालनाट्याला परवडेल असं भाडं ठेवा, ही मागणी आत्ताच करा. उद्घाटनानंतर कुणी ऐकत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. चित्रकला केली की गणित सुधारतं, नाटक केलं की टक्के वाढतात, असं सांगून मी तुम्हाला पटवणार नाही. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात वाढीव गुण असतात हे खरं, पण त्यासाठी कुणी पोरांना ब्रश देऊ नये. एकांकिकेत पोरं वेळेवर यायला शिकतात, कारण एक जण नाही आला तर तालीम अडते. वर्गात एक जण गैरहजर राहिला तर काही अडत नाही. एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता लेकीकडे वळू.

तिला स्टेजवर उभं राहायचं नाही, स्टेजमागे राहायचंय. ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. नट व्हायला हजार येतात. विजेचा लोड मोजून डिमरवर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) किती स्पॉट टाकायचे हे कळणारी माणसं प्रत्येक गावात हवी असतात आणि मिळत नाहीत. तीच कला लग्नाच्या मांडवात, कॉर्पोरेट कार्यक्रमात, मोरेवाडीच्या चित्रनगरीतल्या चित्रीकरणात चालते. पोट भरतं का? भरतं, पण महिन्याच्या एक तारखेला नाही. सीझनला भरपूर, पावसाळ्यात हात कोरडे. या कोरड्या चार महिन्यांचं गणित तिला आधी यायला हवं, आणि धंदा करणाऱ्या बापापेक्षा ते चांगलं कोण शिकवणार?

माझा सल्ला असा. जेईई सोडायचा हट्ट तिनं करू नये आणि तुम्हीही आयआयटीचा करू नये. इलेक्ट्रिकलची पदवी जवळच्या कॉलेजात करू द्या. त्याच काळात राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत तिनं प्रकाशयोजनेला सहायक म्हणून राहायचं. पदवी हातात आली की दारं उघडतात: राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एफटीआयआय. नाट्य विद्यालयाला पदवीसोबत प्रत्यक्ष नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणून ब्रोशर, प्रमाणपत्रं, फोटो आत्तापासून एका फाइलमध्ये लावायला सांगा. इंजिनिअरिंग नकोच असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि आपल्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग बघून या. बघून या म्हणजे खरंच जाऊन, तालीम चालू असताना. माहितीपत्रकावर जाऊ नका.

क्लासच्या दांड्यांचं मात्र तिला माझ्याकडून रागवा. नाटक कंपनीत वेळ चुकवणाऱ्याला पुढच्या प्रयोगाला बोलावत नाहीत, हे तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे.

कोल्हापुरात माझं बसणं असतं तेव्हा दोघं या. मार्कलिस्ट आणली नाही तरी चालेल. त्या एकांकिकेचा लाइट प्लॉट, म्हणजे दिव्यांचा आराखडा, तिनं ज्या वहीत काढलाय ना, ती वही आणा. खाडाखोड असली तरी तशीच आणा, पुन्हा फेअर करू नका.