वाचकांचे प्रश्न : पहिला ट्रॅव्हल ट्रेलर घेताना

प्रश्न : मी आणि माझे पती नुकतेच निवृत्त झालो असून डीलरकडून पहिलाच, नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर) घेण्याच्या विचारात आहोत. आवडलेल्या ट्रेलरचे वजन माहितीपत्रकात १,९०० किलो दिले आहे. आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता २,३०० किलो असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे विक्रेता म्हणतो. सवलत याच आठवड्यापुरती असल्याचेही तो वारंवार बजावतो. सही करण्यापूर्वी आम्ही काय पाहावे?

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. सही होऊन पैसे पोचते होईपर्यंत डीलरला तुमची गरज असते. त्यानंतर तुम्हाला त्याची गरज लागते, आणि दुरुस्तीच्या रांगेत तुमचा नंबर कितवा आहे ते तो ठरवतो. म्हणून जे काही तपासायचे, मागायचे आणि लिहून घ्यायचे, ते सहीच्या आधीच.

प्रथम वजनाविषयी. माहितीपत्रकातले १,९०० किलो हे रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे, आणि रिकामा ट्रेलर घेऊन कोणी मुक्कामाला निघत नाही. पाण्याची टाकी १५० लिटरची असेल, तर ती भरताच १५० किलो वाढले. गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणे, घडीच्या खुर्च्या आणि कपडे मिळून आणखी दोनशे किलो सहज होतात. म्हणजे रस्त्यावर तुमचा ट्रेलर २,२५० किलोंच्या आसपास असेल. हे वजन तुमच्या गाडीच्या क्षमतेत बसते खरे, पण केवळ ५० किलो राखून, आणि गाडीची ती क्षमतासुद्धा आत मोजकी माणसे आणि नगण्य सामान धरून काढलेली असते.

त्याहून अवघड प्रश्न हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या सांध्यावर, येणाऱ्या भाराचा आहे, आणि विक्रेता तो सहसा काढत नाही. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावर टेकतो. २,२५० किलोंचे बारा टक्के धरले तरी २७० किलो झाले. आता तुमच्या गाडीच्या चालकाच्या दाराची चौकट पाहा. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, ते अनेक गाड्यांत तिथल्या पट्टीवर छापलेले असते. समजा, तो आकडा ५०० किलो आहे. त्यातून हिचचे २७०, तुम्हा दोघांचे १४० आणि भार विभागणाऱ्या हिचच्या साहित्याचे सुमारे ४० किलो वजा केले, की हातात ५० किलो उरतात. हिचवरचा भार कमी व्हावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला ढकलण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पुढे पुरेसा भार नसलेला ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो. हे गणित जमत नसेल, तर लहान ट्रेलर बघावा. सवलत कितीही असली तरी.

आता तपासणी. ताबा घेण्यापूर्वी चार तास राखून ठेवा आणि आदल्या दिवशीच डीलरला सांगून वीज, पाणी आणि गॅस जोडून घ्या. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो. तो आदल्या रात्रीपासून चालू नसेल, तर तुमच्यासमोर दहा मिनिटे लावून दाखवण्याला काही अर्थ नाही. पाणी बाहेरच्या नळीने आणि आतल्या पंपाने अशा दोन्ही प्रकारे सोडून पाहा, आणि मग टॉर्च घेऊन ओट्याखाली गुडघ्यांवर बसा. मी माझ्या पहिल्या ट्रेलरच्या वेळी नळ सोडून पाहिला, खाली वाकलो मात्र नाही. पहिल्याच मुक्कामी सकाळी कपाटातले टॉवेल ओलेचिंब निघाले. सांधा हाताने आवळण्याइतकाच सैल होता.

ट्रेलरचा खरा शत्रू पाणीच आहे. शिडी मागून छपरावर नजर टाका : झरोके आणि कडा यांच्याभोवतीच्या सीलंटला (फटी बुजवणाऱ्या लेपाला) चीर किंवा पोकळी नसावी. आत खिडक्यांखाली, कोपऱ्यांत आणि पलंगाखालच्या खणात अंगठा दाबून पाहा. भिंत मऊ लागली, बाहेरचा पत्रा फुगलेला दिसला किंवा कुबट वास आला, तर तो ट्रेलर नव्या मालाच्या रांगेत उभा असला तरी घेऊ नये. टायरवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडेही वाचा. ३२२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला आहे. डीलरच्या आवारात ट्रेलर किती काळ उभा होता, याचा त्यावरून साधारण अंदाज येतो.

जे दोष सापडतील, त्यांची यादी दोघांच्या सह्यांनिशी करावी आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय अंतिम रक्कम देऊ नये. ‘आधी घेऊन जा, नंतर करून देऊ’ हे आश्वासन मी तरी स्वीकारणार नाही. दुरुस्तीसाठी किती आठवडे थांबावे लागते, हे विक्रेत्याला न विचारता दुरुस्ती विभागात जाऊन विचारा. हमीपत्रही नीट वाचा, कारण ट्रेलरची हमी तो बनवणाऱ्या कंपनीची असली, तरी फ्रिज, वातानुकूलन यंत्र आणि टायर यांची हमी बहुधा त्यांच्या-त्यांच्या कंपन्यांची असते.

पैशांचे बोलणे मासिक हप्त्यावर येऊ देऊ नका. तयारी शुल्क, कागदपत्रांचे शुल्क आणि वाढीव हमी धरून एकूण रक्कम एका कागदावर मागा. वाढीव हमीचा निर्णय त्याच दिवशी घेण्याची गरज नाही. सवलतीची मुदतही बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू होते.

ताबा घेतल्यावर पहिला मुक्काम डीलरपासून तासाभराच्या अंतरावर करावा, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा आवळावेत.