ताई, तिसरं अँटीव्हायरस नको, आहेत ती दोन्ही काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: कोर्टासमोर टायपिंग आणि डीटीपीचं दुकान, २०१७ ला घेतलेला सातव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. एक फुकटचं अँटीव्हायरस तुम्ही टाकलेलं, एक विकतचं दुरुस्तीवाल्याने टाकलेलं, तरी उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं लाल लाल येतंच. आता तो म्हणतोय फॉरमॅट मारू, तिसरं चांगलं अँटीव्हायरस टाकू, नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. तुम्ही विचारलंय की कुठलं घेऊ. मी सतरा वर्षं सांगली-मिरज भागात प्रेस, सीएंची ऑफिसं आणि शाळांचे कॉम्प्युटर बघतोय, आणि माझं उत्तर असं की कुठलंच घेऊ नका, आणि फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका, ते का ते पुढे सांगतो.

आधी हळू चालण्याचं. तुम्ही कोरल, म्हणजे ते डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडता तेव्हा कोरल आतल्या आत शेकडो बारीक फाइली उघडतं, फॉन्ट वेगळेच. प्रत्येक फाइल उघडताना अँटीव्हायरस मध्ये येऊन ती तपासतं आणि मगच पुढे सोडतं. दोन अँटीव्हायरस असली की दोघंही तपासतात, वर पहिल्याने तपासायला उघडलेली फाइल दुसऱ्याला नवीनच कोणीतरी उघडलीय असं दिसतं, म्हणून ते पुन्हा तपासतं. हे सगळं साध्या हार्डडिस्कवर चाललंय, जिच्यात वाचणारा काटा प्रत्येक वेळी इकडून तिकडे सरकवावा लागतो आणि त्यामुळे विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला साधारण शंभरेकच वाचू शकते. सकाळी मशीन चालू केल्यावर टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल आणि खाली कोण कोण डिस्क खातंय त्यांची नावंही दिसतील. माझा अंदाज आहे की वरची दोन नावं तुमच्या दोन अँटीव्हायरसचीच असतील. हा व्हायरस नाहीये.

ते लाल डबे पण बहुतेक व्हायरस नसणार. त्या डब्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरात बघा, क्रोमचं नाव किंवा कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता असेल. कधीतरी निकाल किंवा फॉर्म शोधताना एखाद्या साइटने विचारलं असेल 'नोटिफिकेशन पाठवू का', आणि घाईत अलाउ दाबलं गेलं असेल. तिथपासून ती साइट भीती घालणाऱ्या जाहिराती पाठवत राहते आणि अँटीव्हायरस कितीही स्कॅन करा काही सापडत नाही, कारण मशीनमध्ये सापडण्यासारखं काही नाहीच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथल्या यादीत जे पत्ते ओळखीचे नाहीत ते सगळे काढून टाका. त्या डब्यात फोन नंबर दिला असेल तर कृपा करून लावू नका, पलीकडचा माणूस रिमोट ॲप, म्हणजे दुरून तुमचं मशीन चालवता येईल असं ॲप, टाकायला सांगतो आणि मग बँक खात्यापर्यंत पोचतो.

आता मिरजेच्या एका प्रेसची गोष्ट सांगतो, कारण तुमचा धंदा तोच आहे आणि हे तुमच्याकडेही होऊ शकतं. सप्टेंबरचा शेवट, दिवाळी अंकांचं मॅटर लावायचं काम जोरात. सकाळी ऑपरेटर बसला तर जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडतंय पण की दाबली की भलतंच अक्षर उमटतंय. त्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, पाच मिनिटं नीट चाललं आणि परत तेच. डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) बदलून बघितलं, कीबोर्ड नवीन आणला. मला बोलावेपर्यंत दीड दिवस गेला होता आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी अँटीव्हायरसची हिस्टरी उघडली तर रात्रीच्या अपडेटनंतर त्याने मराठी कीबोर्डची फाइल व्हायरस समजून क्वारंटाइन केलेली, म्हणजे उचलून बाजूला कोंडून ठेवलेली, आणि पुन्हा टाकली की पुन्हा उचललेली. फाइल परत आणली, तो फोल्डर एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नको' या यादीत टाकला, दहा मिनिटांचं काम.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे राग जरा कमी होतो. जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं युनिकोडच्या (सगळीकडे सारखीच दिसणाऱ्या आजच्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीची, ती तुम्ही दाबलेली प्रत्येक की वाटेतच पकडतात आणि तिच्या जागी मराठी अक्षर टाकतात. पासवर्ड चोरणारे कीलॉगरही की अशीच वाटेत पकडतात. अँटीव्हायरस फक्त ओळखीच्या व्हायरसची यादी घेऊन बसत नाही, प्रोग्राम वागतो कसा त्यावरूनही अंदाज बांधतं, आणि ज्या प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही नाही, जो जगात मोजक्याच लोकांकडे आहे, त्याच्यावर पटकन संशय घेतं. आपलं मराठी सॉफ्टवेअर नेमकं त्यात बसतं. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर एक्सक्लुजनमध्ये टाकून ठेवा, पण फक्त तेवढाच, अख्खा सी ड्राइव्ह टाकू नका, तसं केलेलंही मी बघितलंय.

लोकांना वाटतं अँटीव्हायरस असून असून नुकसान काय करणार. २१ एप्रिल २०१० ला मॅकॲफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली, आणि जगभर ऑफिसांतली मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ तर आठवत असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने साधारण ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. या कंपन्या काही अडाणी नाहीत. असं सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतं, त्याला सगळ्यात वरचे अधिकार असतात, तिथे चूक झाली की साधं ॲप बंद पडतं तसं होत नाही, मशीनच बसतं. अशी दोन-दोन गाभ्यात बसवण्यात शहाणपण नाही.

मग अँटीव्हायरस म्हणजे फसवणूक आहे का, तर नाही. नव्वदच्या दशकात फ्लॉपीतून व्हायरस यायचे आणि विंडोजमध्ये स्वतःचं असं काही नव्हतं, त्या काळात कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात क्विक हील उभं केलं ते खऱ्या गरजेतूनच. दरवर्षी अँटीव्हायरसची सीडी विकत घ्यायची ही आपली सवय तेव्हाची. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हे पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतं, आणि तुमच्यासारख्या एका मशीनच्या दुकानाला ते पुरतं. दुसरं टाकलं की ते आपोआप बाजूला होतं, दुसरं काढलं की परत चालू होतं. दोन्ही काढताना कंट्रोल पॅनलमधून काढा, नीट निघालं नाही तर त्या त्या कंपनीच्या साइटवर त्यांचंच काढायचं टूल असतं ते वापरा. मग रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर चालू झालंय ना ते डोळ्यांनी बघा आणि त्यातलं ऑफलाइन स्कॅन (विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणारं) एकदा चालवा, पंधराएक मिनिटं लागतात.

खरं वाचवतात ते अपडेट आणि बॅकअप, आणि याच दोन गोष्टी लोक टाळतात. मे २०१७ मध्ये फाइली लॉक करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आलं, तेव्हा ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलेलं त्यांचं गेलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने त्याच भोकाचा वापर केला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. अपडेट नको त्या वेळी रीस्टार्ट मागतं, वकील समोर उभे असताना मागतं, तो त्रास खरा आहे आणि मला त्याचा राग येतो. पण त्यावर उपाय म्हणून ॲक्टिव्ह अवर्समध्ये दुकानाची वेळ घालून ठेवा, अपडेट बंद करू नका.

बॅकअपबद्दल सांगताना मला एका सीएंचं ऑफिस आठवतं. विकतचं अँटीव्हायरस, लायसन चालू, सगळं हिरवं. घरून काम करता यावं म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉप इंटरनेटला उघडं सोडलेलं आणि पासवर्ड ऑफिसच्या नावावरून ठेवलेला. चोर रात्री चक्क लॉगिन करून आत आला, त्याने आधी अँटीव्हायरस काढून टाकलं आणि मग सगळा डेटा लॉक केला. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम मशीनलाच लावलेली, त्यामुळे तीही लॉक झाली. एवढ्या पक्षकारांची खाती, सगळं गेलं. डिस्क काढून ठेवा हे मी त्यांना बोललो होतो पण बसून करून घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता विंडोज १० चं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तुम्हाला ते मेसेज येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, तुमचा सातवा, एका जनरेशनने हुकला. मशीन धडधाकट असताना असं बाद ठरवणं मला पटत नाही, पण घाबरायचंही कारण नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेटं आहेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते, त्यासाठी २२एच२ आवृत्ती पाहिजे. डिफेंडरच्या व्हायरसच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, पण त्यावर विसंबू नका, विंडोजमधली नवीन भोकं यादीने बुजत नाहीत. लिनक्स घरच्या जुन्या लॅपटॉपला मी आनंदाने टाकून देतो, तुमच्या दुकानात नाही, डोंगलवालं मराठी सॉफ्टवेअर आणि कोरल तिथे चालणार नाही.

फॉरमॅट का नको, तर तुमच्या त्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी आज सापडेल का ते आधी बघा. मी तीन प्रेस अशा बघितल्यात जिथे फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअर परत टाकताच आलं नाही आणि जुनं सगळं मॅटर न वाचता येणारं होऊन बसलं. त्यापेक्षा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे काटा नसलेली वेगवान डिस्क, घ्या, आहे ती हार्डडिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करून घ्या आणि रॅम ८ जीबी करा. नवीन मशीनच्या मानाने खर्च थोडा आणि चालू व्हायला मिनिटही लागणार नाही. मग डोकं शांत ठेवून वर्षभरात नवीन मशीनचं बघा, आणि तेव्हा क्रॅकवालं विंडोज घेऊ नका, त्या क्रॅकची पहिली सूचनाच असते की अँटीव्हायरस बंद करा.

पेनड्राइव्हचं एक राहिलं. तुमच्याकडे दिवसभर परके पेनड्राइव्ह येणार. आत फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसले तर डबल क्लिक करू नका, फाइली बहुतेक वेळा तिथेच लपवलेल्या असतात, व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा, तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये प्रोटेक्टेड सिस्टिम फाइल्स लपवण्याची टिक काढा. शक्य असेल तर पक्षकारांना मॅटर मेलवरच मागा.

आज संध्याकाळी एवढंच करा, मॅटरचा पूर्ण फोल्डर आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइली उघडून बघा आणि डिस्क काढून घरी कपाटात ठेवा. बाकीचं रविवारी. ऑफलाइन स्कॅनमध्ये काय सापडलं आणि नोटिफिकेशनच्या यादीत कुठले पत्ते होते ते इथेच लिहा, मी बघतो.