पोरगा दिवसभर रायफलींतच असतो. यात काही पोटापाण्याचं आहे का?

पत्र (थोडं कमी करून): सर, आम्ही यावल तालुक्यातले. घरची केळी आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या रायफली काढलेल्या असतात. कोणत्या देशाच्या सैनिकाकडे कोणती रायफल, तिच्यावर दुर्बीण कोणती, सगळं तोंडपाठ. केमिस्ट्रीत मात्र जेमतेम पास. त्याचे पप्पा म्हणतात, भरती होऊ दे. पण त्याला चष्मा आहे. मला वाटतं सरळ फार्मसी करावी. हे वेड वाईट तर नाही ना? आणि यात करिअर असतं का? — एक आई

उत्तर:

ताई,

आधी तुमची धास्ती. तुमच्या पत्रात मारामारीची किंवा उद्धटपणाची एकही तक्रार नाही. मुलगा चित्रं काढतो, आकडे पाठ करतो. हे यंत्राचं वेड आहे, आणि या वयात ते असलेलं बरं.

तरी एक गोष्ट त्याला आजच सांगा, आणि ती त्याच्या पप्पांनी सांगितलेली चांगली. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांत कोवळी पोरंही असतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा आहेच, पण खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तरी तो गुन्हाच. मित्राच्या हातातला कट्टा घेऊन काढलेला फोटो स्टेटसला टाकला, की पोलीस दारात. संरक्षण खात्याच्या कुठल्याही नोकरीत चारित्र्य पडताळणी होते. ज्या फॅक्टरीत किंवा लॅबमध्ये त्याला एक दिवस जायचंय, तिचं गेट असल्या फोटोपायी बंद व्हायला नको.

भरतीबद्दल थोडक्यात सांगतो. सैन्यात रायफल चालवायला मिळते. कोणती रायफल घ्यायची, ती कशी बनवायची, हे तिथला जवान ठरवत नाही. हत्यारांची दुरुस्ती करणारे आर्मरर ईएमई या विभागात असतात, ते काम त्याला आवडेलही. पण चष्म्याचा नंबर किती चालतो याचे नियम प्रत्येक प्रवेशाला वेगळे आहेत. मैदानावर पळवायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर लिहून घ्या आणि जाहिरातीतल्या निकषाशी ताडून बघा. दोन वर्षं घाम गाळून मेडिकलला बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना पाहून वाईट वाटतं. कॉलेजात एनसीसी असेल तर मात्र नाव नक्की घाला. पॉइंट टू टूची रायफल तिथे कायदेशीरपणे हातात मिळते, आणि तिच्याबरोबर शिस्तही.

आता पुढचा भाग मुलाला वाचायला द्या.

मित्रा, तुझी परीक्षा घेतो. एके-२०३ आणि सिग ७१६ या दोन्ही रायफली ७.६२ मिलिमीटरच्या. मग एकीचं काडतूस दुसरीत का चालत नाही? एकीच्या काडतुसाचं नळकांडं ३९ मिलिमीटर लांब, दुसरीच्या ५१, हे तू झटक्यात सांगशील. आता वही घे. अकरावीच्या फिजिक्समध्ये प्रक्षेप्याची गती आहे, तीच वापरायची. एके-२०३ ची गोळी नळीतून सुमारे ७१५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, इन्सास रायफलीची सुमारे ९००. समोर ३०० मीटरवर पाटी आहे आणि नळी अगदी आडवी धरली आहे. हवेचा अडथळा सोडून दे. तिथे पोहोचेपर्यंत पहिली गोळी साधारण ८६ सेंटिमीटर खाली येते, दुसरी ५४. हवा धरली की दोन्ही आकडे बरेच वाढतात, आणि किती वाढतात हे काढायला लागलास की डिफरन्शिअल इक्वेशन कशासाठी असतं ते कळतं.

हे गणित करताना मजा वाटली की कंटाळा आला, ते मला कळव. तुझ्या करिअरचा निम्मा निर्णय तिथेच आहे. रायफलीची चित्रं काढणारी मुलं पुष्कळ भेटतात. या क्षेत्रात ज्याला पगार मिळतो, तो पूर्ण रायफल बनवतच नाही. कोणी वर्षानुवर्षं पितळेत असतो, कोणी बंदुकीच्या दारूत, कोणी भिंगात. त्यातल्या एखाद्या तुकड्याचा कंटाळवाणा भागही ज्याला गोड लागतो, तो टिकतो.

पितळेपासून सुरू करू, कारण ते तुझ्या घराजवळ आहे. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी बसमधून जाताना पाहिली असशील. लहान शस्त्रांची काडतुसं तिथे होतात. काडतुसाचं नळकांडं सहसा ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेचं असतं. पट्टीतून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ती वाटी साच्यांतून दाबत लांब आणि पातळ करत नेतात. तुझी आजी मांडा करताना पाहा. हातावर फिरवत तो वाढवतात, पण घाई केली की फाटतो. पितळही प्रत्येक ओढीला कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून ते मऊ करावं लागतं. शेवटी बूड जाड आणि कडक राहतं, तोंड पातळ आणि थोडं मऊ. लष्करी काडतुसाच्या तोंडाशी जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो या शेवटच्या तापवण्याचा. तो गंज नव्हे.

हा मऊपणा का लागतो, याची एक गोष्ट धातुशास्त्रात सांगतात आणि ती भारतातली आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. कोणी हात लावलेला नसायचा. घडवताना पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दोन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. हे नीट उलगडायला १९२१ साल उजाडावं लागलं. त्या तबेल्यात तू असतास तर तुला काय सुचलं असतं? मला हा प्रश्न मुलाखतीतल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगला वाटतो. आणि बघ, यात केमिस्ट्री आली. जेमतेम पास होऊन इथे भागत नाही.

बंदुकीची दारू आणि ती पेटवणारा प्रायमर, यांचं काम याहून नाजूक. ते सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झालेला स्फोट सगळ्यांनी वाचला. नियम काटेकोर असतात, तरी धोका शून्य होत नाही. घरात बसून यातलं काही ‘करून बघण्याचा’ तर विचारही नको. हे वाक्य आईलाही वाचून दाखव.

आता भिंग. तुझ्या वहीतल्या चित्रांत रायफलीवर दुर्बीण असते असं आई लिहितात, म्हणून इथे जरा थांबतो. साध्या रायफलीला मागची खाच आणि पुढची माशी असते. डोळ्याला खाच, माशी आणि निशाण या तिन्ही अंतरांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, एक तरी धूसर दिसतंच. रेड डॉट साइट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन, इथे युक्ती करते. आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश खास थर दिलेल्या वक्र काचेवर आपटून तुझ्या डोळ्याकडे परततो, तोही समांतर किरणांत. त्यामुळे लाल ठिपका काचेवर चिकटलेला न वाटता दूर, निशाणाच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. एकच नजर, ठिपका आणि निशाण दोन्ही स्पष्ट. डोकं थोडं हललं तरी फार फरक पडत नाही. तो जो थोडा फरक उरतो, त्याला पॅरलॅक्स म्हणतात, आणि तो कमी करण्यात माणसं आयुष्य घालवतात. उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या थर्मल साइटचं तर काचेशीच जमत नाही. साधी काच उष्णतेचे लांब लहरींचे किरण अडवते, म्हणून तिथे भिंगं जर्मेनियमची लागतात. ती दिसायला काळपट, डोळ्याला आरपार काही दिसत नाही.

माझं मत विचारशील तर भिंगाकडे जा. रायफलीच्या नळीत गेल्या पन्नास वर्षांत फार उलथापालथ झालेली नाही. तिच्यावर बसणाऱ्या साइटमध्ये झाली आणि अजून चालू आहे. शिवाय हेच शिक्षण मोबाइलच्या कॅमेऱ्यापासून डोळ्यांच्या ऑपरेशनच्या यंत्रापर्यंत चालतं. संरक्षणात जागा नाही निघाली, तर हात चोळत बसावं लागत नाही. आणि तुझा चष्मा इथे कोणी विचारणार नाही.

आता रस्ते, दोघांसाठीही.

ताई, ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं जुनं चित्र डोळ्यांसमोर ठेवू नका. ‘फॅक्टरीत चिकटला की जन्माचं कल्याण’ हे तुमच्या वडिलांच्या पिढीचं वाक्य. १ ऑक्टोबर २०२१ पासून या सगळ्या फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेली, भुसावळची यंत्र इंडियाकडे. रायफली बनवणाऱ्या फॅक्टऱ्या कानपूरच्या कंपनीखाली आहेत आणि दुर्बिणी डेहराडूनच्या इंडिया ऑप्टेलकडे. कामगारांच्या अलीकडच्या बऱ्याच जाहिराती ठराविक मुदतीच्या कराराच्या असतात. जाहिरात पूर्ण वाचल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका. ‘वरणगावात ओळख आहे’ म्हणणारा भेटला तर आल्या पावली परत पाठवा. दहावीनंतर आयटीआय करून ऑर्डनन्स फॅक्टरीत जायचं असेल तर मशिनिस्ट, टर्नर, फिटर आणि अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हे ट्रेड बघायचे. तुमचा मुलगा अकरावीत आहे, त्याला ते लागू नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरात दहावीचा असेल.

तुमच्या मुलाचा रस्ता इंजिनिअरिंगचा किंवा फिजिक्सचा. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी जळगाव, धुळे, शिरपूर इथे राहून होते, त्यासाठी पुण्याचा खर्च लगेच अंगावर घ्यायला नको. पुण्याची गरज नंतर पडते. इन्सास रायफलीचं डिझाइन पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या (सरकारच्या संरक्षण संशोधन संघटनेच्या) संस्थेत झालं. स्फोटकांची एचईएमआरएलही पुण्यातच आहे. साइट आणि दुर्बिणींचं संशोधन डेहराडूनच्या आयआरडीईमध्ये होतं. या संस्थांत शास्त्रज्ञ म्हणून जायला पदवीनंतर ‘गेट’ या परीक्षेचा स्कोअर लागतो. मधला टप्पा म्हणून पुण्याजवळ गिरीनगरच्या डीआयएटी या संस्थेत एम.टेक. करता येतं. बारावीनंतर थेट प्रकाशाच्या विषयात शिरायचं असेल तर कोचीनच्या कुसाट विद्यापीठात फोटॉनिक्सची पाच वर्षांची एम.एस्सी. आहे. लांब आहे, पण आपली केळी दिल्लीपर्यंत जाते, मुलगा कोचीनला गेला तर काय बिघडलं.

खासगी कंपन्याही आता या धंद्यात आल्या आहेत. बंगळूर, हैदराबाद, कानपूर, ग्वाल्हेर इथे रायफली, काडतुसं आणि साइट बनतात. तिथे सरकारी नोकरीची हमी नाही, पण चांगल्या डिझायनरला मागणी असते. सीएडीचं (संगणकावर डिझाइन काढायचं) सॉफ्टवेअर, एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मापं काटेकोर घेण्याची सवय, हे तिन्ही पदवीच्या पहिल्या वर्षापासून अंगी लावून घ्यावं.

राहिला फार्मसीचा वाद. तो आत्ता मिटवायची गरजच नाही. बी.फार्म.चा प्रवेश सीईटीच्या पीसीएम गटावरही होतो. तेव्हा त्याला पीसीएमचा फॉर्म भरू द्या, हवं तर पीसीबीचाही; दोन्ही गट देता येतात. बारावीनंतरच्या जून-जुलैपर्यंत तुमची आणि त्याची, दोघांचीही वाट मोकळी राहते. तोवर केमिस्ट्रीची शिकवणी लावा, आणि ती का लावली हे त्याला तबेल्यातल्या काडतुसांवरून सांगा. ३०० मीटरचं गणित सोडवलं असेल तर त्या पानाचा फोटो मला पाठवा. उत्तर चुकलं असलं तरी चालेल, पायऱ्या बघायच्या आहेत.