चौथा मॉक राहू दे, आधी तिसरा नीट उघड

अगं, तुझ्या जीमॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशपरीक्षेच्या, तिन्ही मॉकचे (सराव परीक्षांचे) स्क्रीनशॉट बघितले. ५८५, ५९५, परत ५८५. आणि खाली लगेच तुझा मेसेज की रविवारी चौथा देते. नको देऊस. जीमॅटचे अधिकृत मॉक मोजकेच, त्यात फुकटचे दोनच, आणि तोच परत दिला तर ओळखीचे प्रश्न येऊन स्कोअर उगाच फुगतो, मग आपण नक्की कुठे आहोत तेच कळत नाही.

तुझी एरर लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदीची, शीट पण बघितली. त्यात सात ठिकाणी "सिली मिस्टेक" लिहिलंयस, हे कारण नाही गं, ही मनाची समजूत झाली. डेटा इनसाइट्स सेक्शनमधला तो डेटा सफिशियन्सीचा प्रश्न बघ, दिलेली दोन विधानं उत्तराला पुरतात का हे ठरवायचं असतं तो, एक्सची किंमत किती. पहिलं विधान, एक्सचा वर्ग १६. दुसरं, एक्स शून्यापेक्षा मोठा. तू पहिल्यावरच खूश होऊन ए मारलास, म्हणजे पहिलं एकटंच पुरतं, उणे ४ डोक्यातच आला नाही, उत्तर होतं सी, दोन्ही मिळून पुरतात. तिथे लिही की "वर्ग दिसला की उणे किंमत बघायची राहते". मग बाकीचे सहा परत बघ, त्यातले दोन-तीन तरी याच घरातले निघतील.

आता टाइमचं, खरी गोम इथे आहे. क्वांटला, म्हणजे गणिताच्या सेक्शनला, ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तुझे शेवटचे तीन चुकलेत, तिन्हींना वीस-वीस सेकंदच मिळालेत, आणि कारणाच्या रकान्यात तू लिहिलंयस रेशो, प्रॉबॅबिलिटी, म्हणजे आता ते टॉपिक पुन्हा घोकत बसणार. जरा वर जाऊन बघ, नवव्याला पाच मिनिटं, बाराव्याला जवळपास तेवढीच, आणि दोन्ही चुकलेच! ते शेवटचे तीन तिथेच गेले. अडीच मिनिटं झाली आणि रस्ता दिसत नसेल तर अंदाजाने पर्याय मार, बुकमार्क कर, पुढे हो. २०२३ च्या शेवटी आलेल्या नव्या फॉरमॅटमध्ये सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात, ती सोय तू एकदाही वापरली नाहीस.

बरोबर आलेल्यांकडे तर तू ढुंकूनही बघितलं नाहीस. सोडवतानाच शंका आली की कागदावर नंबर टिपून ठेवायचा, कारण नंतर हिरवी टिक दिसली की आपल्याला ते येतच होतं असं वाटायला लागतं. व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी वाचनाच्या सेक्शनमध्ये, हे फार, दोन पर्यायांवर अडकून एक उचललेला असतो. तिथे तुला भुरळ घालणारा पर्याय नेमका कुठल्या शब्दावर मोडतो ते लिही, बरेचदा पॅसेज काहींबद्दल बोलत असतो आणि पर्याय सगळ्यांबद्दल.

आणि एक्सप्लनेशन लगेच उघडू नकोस, ते वाचलं की सगळं समजल्यासारखंच वाटतं. आधी टायमर बंद करून प्रश्न परत कर, सुटला तर घोळ घाईचा, नाही सुटला तर कन्सेप्टचा. चार-पाच दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा.

डेटा इनसाइट्सचं बाकीचं नंतर बोलू. रविवारी मॉकसाठी जो वेळ काढला होतास त्यात तिसरा मॉक उघडून बस आणि सोमवारी नवी शीट पाठव. त्यात "सिली" दिसलं तर न वाचता परत पाठवीन.