थेट प्रक्षेपण होणारी जाहीर चर्चा पहिल्यांदाच घेताय? मग एवढं ऐका
प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माईक देऊ नका. स्वयंसेवकाने तो धरून उभं राहायचं. एकदा हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं, आणि थेट प्रक्षेपणात ते आवरणं महाकठीण. कुणी माईकशिवायच ओरडून विचारलं, तर उत्तराआधी तुम्ही तो प्रश्न माईकवर पुन्हा सांगा. नाहीतर घरी ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसतं उत्तर येतं, कशाचं ते कळत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्यात तर अडचणीचे प्रश्न बाजूला सारू नका, लोकांच्या लगेच लक्षात येतं. अधिकारी ‘बघतो’ म्हणाले की तिथेच विचारा: कोण बघणार, कधीपर्यंत? प्रक्षेपण काही सेकंद उशिराने सोडायची सोय असेल तर जरूर वापरा. शिवीगाळ किंवा कुणाचा फोन नंबर बाहेर जाण्याआधी थांबवता येतो. वेळेची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखीच, पाहुण्यांनासुद्धा.