बेलग्रेव्ह रोडजवळ घर बघू का?

इंग्लंडात लेस्टरला नोकरी मिळालीय, बेलग्रेव्ह रोडला आपलीच माणसं आहेत म्हणे, मुलाची शाळा आहे, तर घर तिथंच बघू का, असं विचारलंत. व्हिसा, फी वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे. मी अडखळले ती 'आपलीच माणसं' या शब्दांवर.

हा रस्ता मुळात रोमन लोकांचा, त्यांचा फॉस वे नावाचा जुना हमरस्ता इथूनच जायचा. पण आजचा बेलग्रेव्ह रोड घडवला तो आफ्रिकेतून आलेल्या गुजराती लोकांनी. 1972 साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत निघा म्हणून सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या पेपरात चक्क जाहिरात दिली की इकडे येऊ नका, घरं नाहीत, शेकडो मुलं शाळेच्या प्रवेशासाठी ताटकळलीत. लोक आलेच. आज साड्या, सोनं, फरसाण, गांधीजींचा पुतळा, दिवाळीला पाय ठेवायला जागा नाही. गोल्डन माइल म्हणतात. कुणी म्हणतं सोन्याच्या दुकानांमुळे, कुणी म्हणतं रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांमुळे.

आम्ही नोव्हेंबरात आलो, म्हणजे शाळेचं वर्ष अर्धवट. पत्त्याचा पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराचं, बिल मागितलं, ते यायला तीन आठवडे. मग वेटिंग. शेवटी दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. शेजारचे काका युगांडातल्या कंपालाचे. ते हसून म्हणाले, "बेटा, आम्हालाही हेच सांगितलं होतं, जागा नाही."

ते एक वेळ विसरले असते. पण शाळेतल्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, मुलगा मागे पडतोय, घरी इंग्रजीच बोला. आणि आम्ही ऐकलं! सांगलीची मी, घरात पोराशी मोडक्या इंग्रजीत बोलत बसले. त्या बाईंचा राग अजून जात नाही, आणि खरं सांगायचं तर आमचा स्वतःचाही. आता तो चौदाचा आहे. आजीचा फोन आला की सगळं समजतं त्याला, उत्तर मात्र इंग्रजीत. फरसाणवाल्यानं "केम छो" म्हटलं की "मजामा" म्हणतो, अगदी झोकात. आजीला ते कौतुकानं सांगितलं, तर ती गप्पच झाली.

एकटेपणाचं पण विचारलंत. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, सवय होते. पुढे.

घर जरूर तिथं बघा, पण आधी वर्षभर भाड्यानं. जाडे पोहे, पातळ पोहे, कढीपत्ता सगळं चालत जाऊन मिळेल. गोडा मसाला मला तरी कधी दिसला नाही, तो घेऊन या. दुकानदार तुमच्याशी गुजरातीतच सुरू करतील, मी हिंदीत उत्तर देते. माणसं मायेची आहेत, मी आजारी होते तेव्हा काकूंनी आठवडाभर खिचडी पाठवली. पण मराठी कानावर पडायची तर ती तुम्हालाच बोलावी लागेल, घरात, रोज.

मुलगा केवढा आहे, ते लिहिलं नाहीत तुम्ही.